हातचा रेडिओ

"चावडीत हातचं नको. कंपनीचं पायजे," असं खुशालराव पाटील म्हणाले आणि सभेतले पाच-सहा जण हसले, तेव्हाच बुधाजीनं उठून निघून यायला हवं होतं. तो आला नाही. शहाण्यासारखा खालच्या पायरीवरूनच समजावत बसला. ज्यांना समजून घ्यायचंच नसतं त्यांच्यापुढे शहाणपणा करणाऱ्याचं जे होतं, तेच त्याचं झालं.

हे एकसष्ट सालचं. त्या वेळी अमरावतीच्या रेडिओ दुकानांत दोन जातीचे सेट मिळत. एक कंपनीचा, गवतात गुंडाळून खोक्यातून येणारा, पुढे सोनेरी अक्षरांत नाव असलेला. दुसरा कारागिरानं सुटं सामान जमवून, तार न् तार स्वतः जोडून उभा केलेला. त्याला बाजारात 'हातचा' म्हणत. शब्द साधा, धंद्यातला. पण बुधाजीच्या गावच्या, बोरखेडीच्या चावडीत तो शब्द खुशालरावांच्या तोंडून निघाला तेव्हा त्याचा अर्थ धंद्यातला राहिला नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाटलांनी शब्द रेडिओवर ठेवला आणि मारला बुधाजीला. वर पुन्हा, "गोष्ट हुशारीची नाही बाप्पा, हुशार तं तू हायेसच," असं म्हणून पाठ थोपटल्यासारखं केलं. हात मात्र पाठीला लागू दिला नाही.

बुधाजी पुंजाजी तायडे सात वर्षं फौजेत होता. वायरलेसचं काम तिथंच शिकला. अठ्ठावन्न साली परत आला आणि अमरावतीला राजापेठेत ओमप्रकाश सेठच्या रेडिओ दुकानात मिस्त्री म्हणून लागला. दुकानात येणारे कंपनीचे सेट उघडून उघडून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की आत जादू काही नाही. चार व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची काही वेटोळी, काही डबे. जे माणसानं जोडलं ते माणूस जोडू शकतो. मग त्यानं आठ महिने दर रविवारी बसून स्वतःचा सेट बनवला. सांगाड्यासाठी वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा दुहेरी ठोकून घेतला. त्यावरचं हिरव्या पानांचं चित्र खरवडूनही पुरतं निघालं नाही, अर्धं पान राहिलंच. वेटोळी गुंडाळताना बायको इंदूबाई समोर बसून वेढे मोजायची. एकदा एकशे बारावर तिला शिंक आली, आकडा चुकला आणि दोघांनी सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळलं. कंपनीत असं कोण करतं?

आणि हा सेट त्याला घरी ठेवायचा नव्हता. बोरखेडीच्या चावडीत ठेवायचा होता.

त्याचं कारण त्याचा बाप. पुंजाजीनं तीस वर्षं गावचा कोतवाल म्हणून त्या चावडीची चाकरी केली आणि तीस वर्षांत चावडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला नाही. दोन पायऱ्यांपर्यंत त्याची हद्द. वरून कागद खाली टाकायचे, तो झेलायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर म्हाताऱ्यानं ती चाकरी सोडली, ती सोडलीच. पण चावडी काही बदलली नाही. मग पंचायतीनं रेडिओ घ्यायचं काढलं, तेव्हा बुधाजीच्या डोक्यात आलं, की आपल्या हातचं यंत्र त्या चावडीच्या मधोमध बसेल आणि गाव त्याच्यापुढे मान खाली घालून ऐकत बसेल. 'बुधाजीनं बनवला' असं लोक म्हणतील. एवढंच त्याला हवं होतं. सामानाचे पैसे द्या, मजुरी नको, असंही तो सभेत बोलून बसला.

"पाटील, कंपनीचा सेट बिघडला तं मुंबईले जाते. सा-सा महिने येत नाई," तो म्हणाला. "माहा बिघडला तं मी रविवारी येऊन अठीच उघडीन. गावात लाइट नाई, म्हणून मुद्दाम बॅटरीवरचा बनवला. तुमी ऐकून तं पाहा."

"ऐकाले काय जाते? पण कंपनी म्हंजे कंपनी. तिची गॅरंटी असते," पाटील म्हणाले. "उद्या काई झालं तं तुले कुठं शोधू?"

"अठीच. माहा बाप अठीच राह्यते."

"तेच तं," पाटील म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले.

बुधाजी अमरावतीला परतला तो दात-ओठ खात. ओमप्रकाश सेठनं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दो. गावचे लोक हायेत, त्यायले चमकदार पेटी दिसली पायजे. तुह्या मशीनले अंगावर कपडाच नाई. मी अकोल्याले माह्या ओळखीच्या सुताराकडून सागवानी पेटी करून आणतो. माह्याकडून बक्षीस समज." बुधाजीचा गळा दाटून आला होता त्या वेळी. पुढे कित्येक वर्षं त्याला सेठचा जेवढा राग आला नाही तेवढा त्या दाटून आलेल्या गळ्याचा आला.

दसऱ्याला तो सेट दुकानात ठेवून दीक्षाभूमीवर नागपूरला गेला. दोन दिवसांनी परत आला तर सेट दुकानात नव्हता. अकोल्याला सुताराकडे गेला, सेठ म्हणाला. बुधाजीनं मान डोलावली. आठवड्यानं सेठनं एक बंद खोकं त्याच्यापुढे ठेवलं. "बोरखेडीच्या पंचायतीनं एम्परर कंपनीचा सेट घेतला आपल्याकडून. तुहं गाव हाये, तूच जाऊन लावून ये. आणि हे पाय, मागच्या झाकणाले कंपनीचं सील हाये. ते तोडू नको, तोडलं की गॅरंटी खतम."

आपला नाकारलेला सेट बाजूला ठेवून कंपनीचा सेट आपल्याच हातानं त्या चावडीत बसवायचा! दुसरा कोणी असता तर त्यानं नोकरीवर लाथ मारली असती. पण घरी इंदूबाई होती, गावी म्हातारा-म्हातारी होती, आणि राजापेठेत मिस्त्र्यांना तोटा नव्हता. त्यानं खोकं उचललं आणि मोटारीच्या टपावर चढवलं.

बोरखेडीत त्या दिवशी सण होता म्हणा ना. चावडी सारवली होती, मेजावर सतरंजी घातली होती. आणि बुधाजीला बघून खुशालराव स्वतः पुढे आले. "ये, ये, वर ये. तू आज कंपनीचा माणूस!" बुधाजी तिसरी पायरी चढला. चौथी चढला. कोणी काही बोललं नाही. बाप अंगणात निंबाखाली बसून पाहत होता. ज्या पायऱ्या तायड्यांच्या तीन पिढ्यांना चढता आल्या नाहीत, त्या एका खोक्याच्या पुण्याईनं चढता आल्या. बुधाजीला त्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याचं तोंड कडू झालं.

त्यानं चावडीच्या धाब्याच्या छतावर दोन बांबू रोवले, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली, खाली ओल्या मातीत दुसरी तार पुरली. विटेएवढी बॅटरी जोडली. पाटलांच्या आई मैनाबाई म्हाताऱ्या, पण तुरुतुरु आल्या. त्यांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हार घातला. सगळे हात जोडून उभे राहिले. पाटलांनी बटण फिरवलं.

आधी खरखर, मग एका माणसाचा स्वच्छ आवाज चावडीभर पसरला. सगळी सभा आ वासून ऐकत राहिली. पाटलांनी चष्मा लावून पेटीवरच्या काचेत पाहिलं. काचेवर गावांची नावं छापलेली होती आणि तांबडा काटा एका नावावर उभा होता.

"लंडन!" पाटील ओरडले. "अरे, लंडन लागलं!"

"काय म्हणून राह्यले?" मागून कोणीतरी विचारलं.

"कापसाच्या किडीबद्दल सांगून राह्यले. मराठीत!" पाटलांचा ऊर भरून आला. "पाहा! याले म्हणते कंपनी. लंडनमंदी बसून मराठी बोलून राह्यले! हातच्या सेटावर लागलं असतं काय रे हे, बुधाजी?"

बुधाजीनं पेटीकडे कान लावला. नागपूर केंद्राचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्याला तोंडपाठ होता. आवाज नागपूरचा, काटा लंडनवर. कंपनीचा सेट असली चूक करत नाही. कंपनीची काच आणि दुसऱ्याच कोणाचं यंत्र एकमेकांना बांधलं तरच काटा असा भरकटतो. आणि तो आवाज, थोडा भरीव, तळाशी किंचित घोगरा! तो आवाज त्यानं आठ महिने कान लावून घडवला होता. आपलं लेकरू परक्याच्या घरातून रडलं तरी माणसाला कळतं.

तो पेटीच्या मागे गेला. खिशातला पेचकस काढला. सील तोडलं.

"अरे! अरे, सील काहून तोडून राह्यला?" पाटील धावले. तोवर झाकण खाली पडलं होतं. आत तुपाच्या डब्याचा पत्रा होता आणि त्यावर अर्धं हिरवं पान.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते हे बुधाजीला त्या दिवशी कळलं. सेठनं जळालेल्या कुठल्याशा एम्परर सेटची रिकामी पेटी घासूनपुसून काढली होती. त्यात बुधाजीचं यंत्र कोंबलं होतं. आणि ते लावायला बुधाजीलाच पाठवलं होतं! सागवानी पेटी, बक्षीस, माह्याकडून समज!

"हा कंपनीचा नाई," तो म्हणाला. आवाज इतका थंड होता, की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "हा माहा सेट हाये. माह्या हातचा. तुमी याच चावडीत नाकारलेला. याच्याच पुढं आता नारळ फोडला तुमी."

रेडिओवर किडीचं औषध सांगणं चाललंच होतं. मैनाबाईंनी हात पदराला पुसले. का पुसले ते त्यांनाच माहीत; पण बुधाजीनं पाहिलं.

खुशालराव पाटील मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर इतकी वर्षं पाटीलकी चालली नसती. त्यांनी आत डोकावून पाहिलं, सगळं ओळखलं आणि बुधाजीला कोपऱ्यात घेतलं. "चूप राय. झाकण लाव. सेठचं मी पाहून घेईन. तुहा सेट चावडीत बसावा, हेच पायजे होतं ना तुले? बसला. आता वाजू दे. गावाले कंपनीचाच हाये म्हणून सांगू, कोणाचं काय बिघडते? दोन मैने झाले की कोणी इचारतबी नाई."

हीच ती वेळ होती. झाकण लावलं असतं तर बुधाजीचं यंत्र त्या चावडीत वर्षानुवर्षं वाजलं असतं. त्याच्या हातचं सगळ्यांना चाललं असतं. फक्त हात कोणाचा ते कोणी म्हणायचं नाही.

"नाव सांगा," बुधाजी म्हणाला. "चारचौघांत म्हणा, बुधाजीच्या हातचा हाये. मंग ठेवा. काटाबी नागपूरवर आणून देतो."

"ते नाई जमणार."

"काहून नाई जमणार?"

बुधाजीचा आवाज आता अंगणापर्यंत गेला. खालून अंगणातून पुंजाजीच बोलला. "बुधा, वाजू दे बाप्पा. आपल्याले माईत हाये ना कोणाचा हाये ते. तेवढं पुरे."

बुधाजी गर्रकन वळला. "तुमी जलमभर तेवढ्यावरच भागवलं, बा! म्हणून आमच्यावर हे दिवस आले!"

अख्ख्या गावासमोर तो बापाला असं बोलला. म्हाताऱ्याचा चेहरा पडला आणि त्यानं नजर जमिनीला लावली. बुधाजीला ते दिसलं, आत कुठंतरी तुटलंही. पण राग असा होता, की त्याला आता कोणाचं तोंड पाहून थांबता येत नव्हतं. त्यानं पुढची बटणं उपसली. चार स्क्रू काढले. भोंग्याच्या तारा तोडल्या. नागपूरचा माणूस वाक्याच्या मध्येच गप्प झाला. बुधाजीनं सांगाडा व्हॉल्व्हसकट पेटीतून बाहेर ओढला आणि पोटाशी धरून पायऱ्या उतरला.

"पेटी तुमची, बॅटरी तुमची, हार तुमचा," तो म्हणाला. "एवढंच माहं हाये, ते नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर हवालदार आला. पंचायतीचा रेडिओ चोरल्याची फिर्याद होती. बुधाजीला सांगाड्यासकट चावडीत उभं केलं. कालच्या हाराची फुलं मेजावर सुकली होती आणि एम्परर कंपनीची पेटी आ वासून पडली होती. हवालदार अकोल्याकडचा, रोखठोक माणूस होता. त्यानं पंच बसवले, कागद मांडीवर घेतला.

"हं. काय चोरीले गेलं?"

"रेडिओ," पाटील म्हणाले.

"रेडिओ तं हा समोर हाये."

"आतलं मशीन हो."

"कोणत्या कंपनीचं?"

"एम्परर."

हवालदारानं बुधाजीच्या हातातला सांगाडा उलटासुलटा करून पाहिला. अर्ध्या पानावर बोट ठेवलं. "एम्परर कंपनी तुपाच्या डब्यात मशीन बनवते काय?"

मागे कोणीतरी खुसकन हसलं. पाटील लालबुंद झाले.

"हे पाहा, पाटील," हवालदार म्हणाला, "मले काय, मी लिवतो तुमी म्हणान ते. पण माल कोर्टात जाईन. फिर्यादीत एम्परर आन् माल तुपाचा डबा, असं झालं तं केस उडन. कोणाचं मशीन हाये ते धड सांगा."

"कोणाचंबी असो. पावती पंचायतीच्या नावची हाये."

"पावती लावतो ना. पण मालाचं वर्णन लागते. कोणी बनवला?"

  काल बुधाजी हेच मागत होता आणि काल ते जमत नव्हतं. त्यानं पाटलांच्या तोंडाकडे डोळे लावले. पाटलांना तो तुरुंगात हवा होता. पण त्याला तुरुंगात घालायचं तर आधी त्याचं नाव घ्यावं लागत होतं. एवढा मोठा माणूस एका शब्दापाशी अडला होता. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, घसा खाकरला.

"बुधाजीनं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. पंचायले ऐकू गेलं पायजे."

"बुधाजी पुंजाजी तायडे याच्या हातचा सेट!" पाटील ओरडले. "लिवा आन् घेऊन जा त्याले!"

हवालदारानं लिहिलं. मग रीतीप्रमाणे उभं राहून पंचांना वाचून दाखवलं, खड्या सरकारी आवाजात. चावडीत बसलेल्यांनी ऐकलं, अंगणातल्यांनी ऐकलं, निंबाखाली बायका उभ्या होत्या त्यांनी ऐकलं. पंचांनी सह्या केल्या, एकानं अंगठा उठवला.

"साहेब, ते नाव नीट लिवलं ना?" बुधाजीनं विचारलं. "खोडू नका."

"चोर म्हणून लिवलंय, लेका."

"कोणी बनवला तेबी लिवलंय."

"आन् त्या सेठनं माहा सेट मले न इचारता इकला, ते?" बुधाजीनंच पुढं विचारलं.

"ते अमरावतीले जाऊन सांग. आपली हद्द नाई."

असा न्याय. माल ज्याचा तो चोर, आणि खरा चोर राजापेठेत गादीवर बसून चहा पीत असेल. 

मग अडलं ते असं, की जप्त माल ठाण्यात न्यायचा कोणी? ठाणं चार मैलांवर. हवालदाराला सायकल सांभाळायची होती. त्यानं पाटलांच्या गड्याला सांगितलं. गडी पाटलांच्या तोंडाकडे पाहू लागला आणि दोन पावलं मागे सरला. दुसऱ्याला सांगितलं, त्याला एकाएकी शेतातलं काम आठवलं.

"द्या अठी," बुधाजी म्हणाला. "आजवर कोणी उचलला काय दुसऱ्यानं? माहा मीच नेतो."

चोरीचा माल चोरानंच छातीशी धरला आणि तो चावडी उतरला. मागून हवालदार सायकल ढकलत निघाला. वेशीपाशी हवालदारानं वळून पाहिलं तर पुंजाजी काठी टेकत येत होता.

"बुढेबाबा, तुमी चोराचे कोण?"

"चोराचा कोणी नाई," पुंजाजी म्हणाला. "ज्यानं सेट बनवला, त्याचा बाप."

"मंग कशाले येऊन राह्यले? चार मैल हाये."

"म्हणूनच. वजन हाये त्याले. त्याचे हात भरून आले तं मी धरीन."

बुधाजीनं मागे वळून पाहिलं नाही. त्याचा राग गेला नव्हता, पाटलांवरचा नाही, सेठवरचा तर नाहीच. त्यानं फक्त पावलं हळू केली, म्हाताऱ्याला गाठता येईल इतकी.